जगदेवच्या घरची खूण

आमच्या गावच्या चावडीपुढं एक दगडी खांब आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तो उभा केला आणि त्यावर गावातल्या नऊ स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरली. दुसरं नाव रामराव पाटलांचं. दर पंधरा ऑगस्टला मास्तर ती नावं मोठ्यानं वाचतात, आणि दुसरं नाव आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोरं म्हणतात, बाबा, आता सोडा. का सोडू? बेचाळीस सालच्या पोळ्याला या पाटलांनी कोणत्या कागदावर सही केली ते मला ठाऊक आहे. आणि ज्या बाईनं तो कागद खोटा पाडला, तिचं नाव खांबावर नाही. ती वरठीण होती, अंगठाबहाद्दर होती आणि तुरुंगात गेली नव्हती, एवढंच कारण. म्हणून मी हे लिहायला बसलोय. खांबावर जागा नाही तर नाही, वही माझी आहे.

वरठी म्हणजे परीट. आमच्या वाशीमकडं हाच शब्द. गोजराबाईचं माहेर अनसिंगचं. लग्न होऊन आमच्या गावात आली आणि सातव्या वर्षी नवरा पटकीत गेला. मूलबाळ नाही. मागं राहिलं ते नाल्याकाठचा कपडे आपटायचा दगड, एक गाढव आणि छत्तीस घरांची धुणी. ती आणि गाढव या दोघांत गाढव स्वभावानं गरीब होतं, असं आई म्हणायची. गोजराबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. धोतरावर पानाची पिंक दिसली की चारचौघांत मालकाला विचारायची, "तोंड हाये का मोरी?" पाटलांनाही तिनं हे विचारलं होतं. अंगानं काटकुळी, पण मनगटं बाप्याची.

तिला अक्षर एक येत नव्हतं, पण छत्तीस घरांच्या छत्तीस खुणा डोक्यात होत्या. गावातली सगळी पुरुषमंडळी पांढरं धोतर नेसणार. धुऊन वाळत घातली की कोणाचं कोणतं? म्हणून धोतराच्या काठाला आणि बंडीच्या गळ्याला आतून बिब्ब्याची खूण. पाटलांच्या घरचं त्रिशूळ, तेल्याच्या घरचा गोल, सोनाराच्या तीन आडव्या रेघा. आमच्या घरची खूण सगळ्यांत सोपी: एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक टिकली. या खुणा तिच्या सासूच्याही सासूनं ठरवलेल्या. गावात लहानथोर सगळ्यांना त्या पाठ होत्या, कारण वाळत घातलेल्या दोरीवरून आपलं कापड ज्यानं त्यानं ओळखून न्यायचं असे.

खूण घालायची रीत अशी. बिब्ब्याला दाभणानं टोचायचं, दिव्यावर धरायचं, आणि तेल सुटलं की बाभळीच्या काट्यानं कापडावर रेघ ओढायची. लगेच वरून चुना. चुन्यानं काळा रंग पक्का बसतो आणि बिब्ब्याचं चावणं मरतं. चुना लावला नाही तर बिब्बा उततो. कापड घालणाऱ्याच्या कातडीवर फोड येतात, फुटतात, आणि खूण जशीच्या तशी अंगावर काळी उठते. नव्या सुनेच्या हातून अशी चूक व्हायची. गोजराबाईच्या हातून तीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

तिचा नेम एकच. एका घरची खूण दुसऱ्या घराच्या कापडावर जाता कामा नये. "ज्याची खून, त्याचं कापड," ती म्हणायची, "यात इकडचं तिकडं झालं तं वरठीन मेली समजा." तिच्या स्वतःच्या घराला मात्र खूण नव्हती. दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक दोरीवर. त्याला खूण कशाला लागते?

बेचाळीसच्या ऑगस्टात वाशीमच्या रस्त्यावरच्या तारा तुटल्या. आमच्या शिवारात दोन खांब आडवे सापडले. आठवड्याच्या आत एक जमादार आणि अकरा शिपाई गावात आले आणि शाळेत उतरले. कोंबड्या, दूध, लाकूडफाटा गावानं पुरवायचा. त्यांचे खाकी कपडे गोजराबाईनं धुवायचे आणि कोळशाच्या इस्त्रीनं कडक करून द्यायचे. इस्त्री त्यांनीच आणली होती. गोजराबाईनं शिपायांना एक ते अकरा टिकल्या नेमून दिल्या, जमादाराला फुली. वरून चुना लावला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

जमादाराला माणसांपेक्षा चित्रांची भीती जास्त. गाव फिरताना तो माणसांकडं बघायचाच नाही, भिंतींकडं बघायचा. तेल्याच्या भिंतीवर कोणीतरी गेरूनं झेंडा काढला होता. जमादारानं घरातल्या म्हाताऱ्याला ती भिंत जिभेनं चाटून साफ करायला लावली. मातीची खरबरीत भिंत ती. म्हाताऱ्याची जीभ सोलली, रक्त लागलं, तसा झेंडा आणखीच लाल दिसू लागला, आणि जमादारानं त्याचं डोकं त्याच भिंतीवर आपटलं. मग दवंडी फिरली की केशरी, पांढरा आणि हिरवा हे रंग एका जागी दिसता कामा नयेत. एका लेकुरवाळीच्या हातात नेमक्या त्याच रंगांच्या बांगड्या निघाल्या. त्या बंदुकीच्या दस्त्यानं फोडल्या, आणि मनगटही फोडलं. एवढं मोठं सरकार, सात समुद्रांवर जहाजं फिरवणारं, आणि भ्यायचं कशाला, तर गेरूच्या रेघोट्यांना! मला आजही याचं हसू येतं.

माझा बाप जगदेव. मी त्याला पाहिलेलं नाही. त्या पोळ्याला मी आईच्या पोटात सात महिन्यांचा होतो. आई प्रयागबाई. पोळ्याला बैलांच्या पाठीवर झूल घालतात, तसली झूल बापानं तिच्याकडून जुन्या लुगड्यांची शिवून घेतली. वर केशरी, मधे पांढरी, खाली हिरवी आणि पांढऱ्यावर निळ्या दोऱ्याचं चरख्याचं चाक. आई भ्याली होती. म्हणाली, "अन कोनी इचारलं तं?"

"तं सांगू, चाक आपल्या गाडीचं हाये."

"अन रंग?"

"रंग पवळ्यानं पसंत केले."

पवळ्या म्हणजे आमचा बैल. बापाला थट्टेशिवाय बोलता यायचं नाही, असं आई सांगे. थट्टेनंच घात केला, असंही एकदा म्हणाली. पण लगेच तिनं तो शब्द मागं घेतला.

पोळ्याच्या दिवशी आई ओवाळायचं ताट घेऊन दारात थांबली आणि बाप बैल घेऊन तोरणाखाली गेला. झुलीवर त्यानं गोणपाट टाकलं होतं. सगळ्या गावाचे बैल ओळीनं उभे राहिले, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा त्यानं ते गोणपाट ओढून काढलं. मग मागून कोणीतरी "हर हर महादेव" अशी आरोळी दिली आणि सगळं गाव ओरडलं.

जमादार कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. तिथूनच म्हणाला, "उतार वो कपडा."

बाप म्हणाला, "सन बैलाचा हाये, जमादार. बैलाले इचारा."

लोक हसले. त्या हसण्यानं जमादाराचा चेहरा काळवंडला, असं पाहणारे सांगतात. त्यानं बिडी पेटवली, शिपायांकडं बघितलं आणि म्हणाला, "मारो."

पाच जण पुढं झाले. पहिली लाठी तोंडावर बसली आणि बापाचे दात तोरणाखालच्या धुळीत पडले. दुसरीनं ढोपर फुटलं. तो खाली बसला तशी पाचही जणांनी त्याला मधे घेऊन झोडपलं. बरगड्या मोडल्याचा आवाज वाजंत्र्यांना ऐकू गेला, कारण त्यांनी वाजवणं थांबवलं होतं. पवळ्या दावं तोडून मधे घुसला. एकाला त्यानं शिंगानं बाजूला फेकलं आणि बापाच्या अंगावर छत्र धरल्यासारखा उभा राहिला. जमादारानं खुर्चीतूनच बंदूक मागितली आणि बैलाला गोळी घातली. बैल खाली आला, झूल रक्तात भिजली. मग पाच जणांनी बापाला बैलाच्या पायांतून ओढून काढलं आणि राहिलेलं काम पुरं केलं. शेवटची लाठी डोक्यात बसली तेव्हा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. जमादार खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी पंचनामा झाला. बैल बिथरला, त्यानं मालकाला शिंगांनी मारलं, सरकारी माणसांनी बैलाला गोळी घालून गाव वाचवलं. खाली रामराव पाटलांची सही, चांगली वळणदार. उरली विधवेची जबानी. ती अकोल्याहून येणाऱ्या साहेबापुढं व्हायची होती. जमादार आमच्या दारात येऊन आईला म्हणाला, "साहेब आला की बैल म्हणायचं. दुसरं काही बोललीस तर पोटातलं बुटानं बाहेर काढीन."

आईनं काही पाहिलं नव्हतं. ती दारात ताट घेऊन उभी होती. ज्या दीडशे माणसांनी पाहिलं, त्यांतला एकही तोंड उघडायला तयार नव्हता. माझ्या बापाला त्याच्याच बैलानं मारलं, हे सरकारच्या कागदावर कायमचं बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून धुण्याचं गाठोडं गोजराबाईकडं आलं. तिनं ते नाल्यावर नेलं आणि एकेक कापड सुटं करून पाण्यात सोडलं. अकरा सदऱ्यांपैकी पाचांचं पाणी लाल झालं. एक टिकली, चार टिकल्या, पाच, आठ आणि दहा. दहा टिकल्यांच्या बाहीत केसांसकट कातडीचा तुकडा चिकटला होता. जमादाराचा फुलीचा सदरा स्वच्छ होता. घामाशिवाय त्याला काही नव्हतं.

तिनं सगळे कपडे धुतले, वाळवले, इस्त्री केली. मग बिब्बा टोचला. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं त्या दिवशी केलं. त्या पाच सदऱ्यांच्या गळपट्टीला आतून, जिथं मान घासते तिथं, आमच्या घरची खूण घातली. उभी रेघ, दोन टिकल्या. खाकीवर ती पटकन दिसायची नाही. चुना लावला नाही.

आईला कळलं होतं की हिनं त्यांचे कपडे धुतले. गोजराबाई आमच्या घरी आली तेव्हा आई तिच्या अंगावर धावून गेली. "काहून वं धुतलं माह्या धन्याचं रगत? तुले लाज नाही वाटली?"

गोजराबाई म्हणाली, "नसतं धुतलं तं कोनाच्या अंगावर होतं हे मले कसं समजलं असतं, प्रयागा? पाच हायेत. ज्याच्या कापडावर जगदेवचं रगत, ते कापड जगदेवच्या घरचं. म्या खून घालून देल्ली."

आईला त्या वेळी काही समजलं नाही. चार दिवसांनी सगळ्या गावाला समजलं. एक शिपाई विहिरीवर पाणी प्यायला वाकला. त्याची मान सुजून लाल झाली होती, आणि सुजेच्या मधोमध फोडांची एक उभी रेघ होती, दोन बाजूंना दोन टिकल्या. पाणी भरणाऱ्या बायांनी ती पाहिली. एकीच्या हातून घागर सुटली. अंधार पडायच्या आत त्या पाच जणांची ओळख घराघरांत पोचली होती.

मग ती खूण सुटली. झेंडा काढायला तीन रंग लागतात, वेळ लागतो, हात लागतो. ही रेघ आणि टिकल्या कोळशानं एका दमात निघायच्या. सकाळी शाळेच्या भिंतीवर निघाल्या. पुसल्या, तर दुपारी चावडीवर. बाया अंगणात सडा टाकून रांगोळीत तेवढंच काढू लागल्या. जमादाराच्या जेवणाच्या भाकरीवर बोटांनी दाबून तेच. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या हिरीबाईनं आपल्या कांचोळीवर, म्हणजे आरशांच्या चोळीवर, दोन आरशांच्या मधे लाल दोऱ्याची उभी रेघ भरली आणि ती घालून भर बाजारातून चालत गेली. जमादारानं तिला थांबवून कांचोळी फाडली. तिच्या माणसांनी लाकडं तोडायच्या कुऱ्हाडी खांद्यावरून खाली घेतल्या, तेव्हा कुठं त्यानं हात आवरला.

त्याला कळेना हे काय आहे. हा झेंडा नाही, अक्षर नाही, देव नाही. त्याच्याच माणसांच्या मानेवर जे उठलं ते गावभर भिंतींवर का उठतंय? शिपाई हबकले. म्हणू लागले, मेलेला परत आलाय, करणी आहे. पाच जणांच्या माना पिकल्या, पू वाहू लागला, त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, पाच जणांना एकाच जागी एकाच आकाराचं कसं झालं? त्यानं ते लिहून ठेवलं, बातमी वाशीमच्या वकिलांपर्यंत गेली, वकिलांनी अकोल्याला अर्ज धाडला. साहेब नुसत्या जबानीसाठी येणार होता, तो आता चौकशीसाठी येणार असं ठरलं.

जमादारानं गाव झोडायला घेतलं. रोज तीनचार माणसं शाळेत न्यायची, उलटी टांगायची, तळव्यांवर छड्या मारायच्या आणि विचारायचं, ये निशान क्या है? एकाचे दोन्ही पाय कायमचे गेले. कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते पाटलांनी, आणि त्यांना छडीसुद्धा लागली नव्हती. चहा पिता पिता म्हणाले, "वरठिणीच्या खुणा त्या, जमादारसाहेब. ही जगदेवच्या घरची." खांबावरचं दुसरं नाव, ते हेच.

गोजराबाईला दगडावरून केसांना धरून ओढत शाळेत नेलं. बिब्ब्याचं मडकं फोडलं. गाढवाला उगाचच भोसकलं. गाव शाळेच्या भिंतीबाहेर उभं राहून ऐकत होतं.

जमादारानं विचारलं, "माझ्या सदऱ्यावर का नाही घातलीस?"

ती म्हणाली, "तुमच्या कापडावर रगत नव्हतं. उगा कशी घालू?"

हे ऐकून माझी आई पुढं कैक वर्षं चरफडायची. मीही चरफडतो. ज्यानं मारायला सांगितलं तो मोकळा, कारण त्याची इस्त्री मोडली नाही! पण गोजराबाईचा नेम म्हणजे नेम. वरठिणीनं कापड बघायचं. खुर्चीत बसून कोण काय बोललं हे कापडावर उमटत नाही.

जमादार मोठ्यानं हसला. शिपायांना म्हणाला, इस्त्री तापवा. कोळसे फुलले. पण इस्त्री हातात घ्यायला एकही शिपाई पुढं येईना. करणीवाल्या बाईला कोण शिवणार? तेव्हा त्यानं स्वतःच घेतली. एका गुडघ्यानं तिचं मनगट पाटावर दाबून धरलं आणि इस्त्री उजव्या तळहातावर ठेवली. नुसती ठेवली नाही, कपड्यावर फिरवतात तसं अंग टाकून दाबली. जळत्या मांसाचा वास भिंतीबाहेर आला. गोजराबाईनं किंचाळता किंचाळता त्याला अशा शिव्या दिल्या की त्या मला इथं लिहिता येणार नाहीत. त्या शिव्यांनी पिसाळून त्यानं तीच इस्त्री उचलली आणि तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, समोरचे दात गेले, आणि तोंडातलं रक्त उडालं ते सरळ त्याच्या सदऱ्यावर, छातीपासून गळपट्टीपर्यंत.

त्यानं सदरा काढला आणि तिच्या अंगावर फेकला. "धू. परवा साहेब येतोय. तुझंच रक्त आहे, तूच धू. आणि काळी रेघ दिसली तर दुसरा हात."

तिला रांगत आमच्या दारापर्यंत यायला दुपार लागली. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. आईनं तिच्या हाताला तूप लावलं आणि रडायला लागली. गोजराबाई म्हणाली, "रडनं मागून. बांधावरून हिरवा बिब्बा आन."

हिरव्या बिब्ब्याचा चीक दुधासारखा पांढरा असतो. वाऱ्यानं तो हळूहळू काळा पडतो, आणि पिकल्या तेलापेक्षा जास्त चावतो. आई पोट सावरत बांधावर गेली आणि ओटीत चार बिब्बे घेऊन आली. तोवर गोजराबाईनं डाव्या हातानं सदरा धुतला होता.

"खून कोनती घालशीन?" आईनं विचारलं. "हे रगत तं तुह्यं हाये. तुह्या घराले खूनच नाही."

गोजराबाईनं आपला उजवा हात उलटा करून बघितला. तळव्यावर इस्त्रीचं टोक उमटलं होतं, पुढं निमुळतं, मागं रुंद. सोललेला लालभडक तिकोण. "त्यानंच घालून देल्ली ना," ती म्हणाली. डाव्या हातात काटा धरून तिनं गळपट्टीच्या आत तसाच तिकोण काढला. आईनं सदरा ताणून धरला. तिच्या बोटांवर चीक लागला, त्याचे वण मी लहानपणी पाहिले आहेत.

संध्याकाळी जमादारानं सदरा उलटासुलटा करून, उजेडाला धरून तपासला. काळं काही नव्हतं. साहेब परवा येणार होता तो चौथ्या दिवशी आला, आणि जमादार तोच कडक सदरा घालून तीन दिवस त्याची वाट बघत राहिला.

चौकशी चावडीपुढं झाली. साहेब टेबलाशी बसला. दवाखान्यातून परत आलेले पाच जण मानेला फडकी बांधून उभे होते. जमादार मान आखडून उभा होता, डोकं वळवायचं तर खांद्यासकट वळत होता. कारकुनानं कागद वाचला आणि आईला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला बैलानं मारलं, बरोबर?"

मी आत लाथा मारत होतो, असं ती सांगायची. मला वाटतं ते तिनं मागून जोडलं असेल. ती म्हणाली, "पवळ्यानं नाही मारलं, सायेब."

"मग कोणी? तू पाहिलंस?"

"म्या नाही पाह्यलं. ज्यायच्या मानेवर आमच्या घरची खून हाये, त्यायले इचारा."

साहेबानं फडकी सोडायला लावली. पाच माना, पाच उभ्या रेघा, दहा टिकल्या. फडक्यांबरोबर चिकटलेल्या खपल्याही निघाल्या. जमादार ओरडला की ही वरठिणीची बदमाशी आहे, आणि ओरडता ओरडता ताव येऊन त्यानं मान वळवली. साहेबानं छडीनं त्याची गळपट्टी खाली केली. मानेवर फोडांचा तिकोण होता, पिकून तट्ट फुगलेला.

"ही कोणाच्या घरची?" साहेबानं पाटलांना विचारलं. पाटलांना खरंच माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं.

गर्दीतून गोजराबाई पुढं आली. तोंड सुजून काळं पडलेलं. तिनं उजव्या हातावरची चिंधी दातांनी सोडायला घेतली, पण समोरचे दात नव्हते. मग आईनं सोडली. गोजराबाईनं तो हात जमादाराच्या मानेजवळ नेऊन धरला, सगळ्यांना दिसेल असा. तोच तिकोण.

"ते पाच जगदेवच्या घरचे, सायेब," ती म्हणाली. "अन हा माह्या घरचा."

त्या वेळी, पोळ्यानंतर पहिल्यांदा, गाव ओरडलं. शाळेत टांगले गेलेले, पाय गेलेला, जीभ सोललेला तेली, सगळे. शिपायांनी बंदुका रोखल्या, दगड उडाले, एक गोळी सुटून चावडीच्या छपरावरच्या कवेलूंत गेली. साहेबाला घोड्यावर बसवून नेईपर्यंत जमादाराचं डोकं दोन जागी फुटलं होतं.

कुणाला फाशी झाली नाही. सहाही जणांना दुसरीकडं हलवलं, बस्स. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण बैलाच्या कागदावर आईचा अंगठा कधीच पडला नाही, आणि साहेबानं त्या कागदावर आडवी काट मारली, एवढं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कार्तिकात माझा जन्म झाला. माझ्या बापाला कोणी मारलं, हे मी लहानपणापासून ताठ मानेनं सांगत आलोय.

गोजराबाईचा हात परत मिटला नाही. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली. छत्तीस घरांनी थोडे दिवस हळहळ केली आणि मग शेलूबाजाराचा एक वरठी लावून घेतला. तिचं स्वतःचं लुगडंही तिला पिळता येईना. तेव्हा माझी आई, कुणब्याची विधवा, रोज तिच्या झोपडीत जाऊन तिचं लुगडं धुऊ लागली. गावानं नाकं मुरडली. कुणबीण वरठिणीची धुणी धुते म्हणजे कलियुग आलं, असं पाटलीणबाई म्हणाल्या. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत गोजराबाई गेली. मी सहा वर्षांचा होतो, एवढं मात्र माझ्या डोळ्यांपुढचं आहे. झोपडीसमोर माणसं जमली होती आणि तिरडी कुणाच्या दारातून काढायची यावर घोळ चालला होता. तिला मागंपुढं कुणी नव्हतं. पाटील म्हणाले, बेवारशी आहे, परस्पर नेऊन टाका.

आई पुढं झाली. तिनं प्रेताच्या अंगावरच्या लुगड्याचा काठ उलटा करून सगळ्यांना दाखवला. आतल्या बाजूला एक उभी रेघ होती आणि दोन टिकल्या. वरून चुना लावलेला होता, तिला चावू नये म्हणून.

"ज्याची खून, त्याचं कापड," आई म्हणाली. "उचला. आमच्या घरची हाये."

आणि गोजराबाई आमच्या दारातून गेली.